पॅकेज घेण्याआधी घर बघा

कॉलेजं सुरू होऊन महिना झाला की सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या ऑफिसात दोन-चार मुलं तरी येऊन जातात. ऑफिस म्हणजे काय, तीन टेबलं, एक इन्व्हर्टर आणि चहाची किटली. आम्ही अडत दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. शेतकऱ्याची हळद सौद्यात विकली गेली की वजन, दर, तोलाई, हमाली आणि आधीची उचल मांडून जी पट्टी त्याच्या हातात पडते, ती आमच्या प्रोग्रॅममधून निघते. मुलांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, ओपन सोर्समध्ये कॉन्ट्रिब्यूट करायचंय. कुठली लँग्वेज घेऊ?"

ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना वाचायला, वापरायला आणि सुधारायला खुला असलेलं सॉफ्टवेअर, आणि पॅकेज म्हणजे दुसऱ्यांनी वापरावं म्हणून वाटायला ठेवलेला त्यातला एक गठ्ठा. माझं उत्तरही ठरलेलं. लँग्वेज राहू दे, आधी तिच्या घरचं सांग. आपल्याकडे सोयरीक जमवताना मळा किती, विहिरीला पाणी किती हे सगळेच विचारतात. जाणता माणूस हळूच विचारतो की चुलत्यांचं आपसात बोलणं आहे का. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर लोक पसंतीचे जे तारे देतात, ते म्हणजे मळा. कोड कोण लिहितं, कोण तपासतं, भांडण झालं की कोण मिटवतं आणि एखादा रागावून निघून गेला तर मागे काय राहतं, ही चुलत्यांची चौकशी. खालच्या पायऱ्या या चौकशीच्या आहेत. प्रोग्रॅमिंग थोडंफार येतं पण ओपन सोर्सचा उंबरा अजून ओलांडलेला नाही, अशांसाठी.

पायरी १: आपल्याच घरात कोण कोण राहतं ते मोजा

लॅपटॉपवर एक रिकामा फोल्डर करा, त्यात पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (म्हणजे त्या प्रोजेक्टपुरती वेगळी खोली) उघडा आणि पॅकेजं आणून देणाऱ्या पिपला फक्त फ्लास्क हे वेबसाइट बनवायचं पॅकेज आणायला सांगा. मग 'पिप लिस्ट' ही कमांड द्या. पिप सोडून सात नावं दिसतील: फ्लास्क, वर्कझॉयग, जिन्जा, क्लिक, इट्सडेंजरस, ब्लिंकर आणि मार्कअपसेफ. विंडोजवर असाल तर कलरामा हा आठवा. एकाला जेवायला बोलावलं आणि सात पाट मांडावे लागले.

आता एकेका नावावर 'पिप शो' चालवा. त्यात 'रिक्वायर्स' आणि 'रिक्वायर्ड बाय' अशा दोन ओळी येतात. पहिली सांगते हे पॅकेज कुणाच्या जिवावर उभं आहे, दुसरी सांगते याच्या जिवावर कोण उभं आहे. कागद घ्या आणि बाण काढा. स्क्रीनवर बघून होत नाही, कागदावरच काढा. जिन्जाकडून मार्कअपसेफकडे बाण, फ्लास्ककडून जिन्जाकडे बाण. मग प्रत्येकाचं पान उघडून ते कुणाचं आहे ते बघा. यातली बहुतेक नावं पॅलेट्स नावाच्या एकाच गटाच्या देखरेखीखाली आहेत हे तुमच्या लक्षात येईल. म्हणजे सात पाट, पण पंगत एकाच भावकीची.

हाच खेळ नोडमध्ये (म्हणजे ब्राउझरबाहेर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये) एक्स्प्रेस हे वेबसाइट बनवायचं पॅकेज आणून करा. पन्नासच्या पुढे पॅकेजं येतात आणि कागद पुरत नाही. त्यात 'एमएस' नावाचं पॅकेज 'दोन दिवस' असं लिहिलेलं मिलिसेकंदात बदलून देतं. 'इनहेरिट्स' तर आणखी छोटं. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, एवढ्याशा कामाला वेगळं पॅकेज? प्रश्न रास्त आहे आणि पुढची पायरी त्याचीच आहे.

पायरी २: गावागावाची रीत वेगळी का, ते समजून घ्या

इथे थोडा वेळ द्या. ही पायरी गाळून पुढे गेलेली मुलं वर्षभरानं 'जावास्क्रिप्टवाले आळशी आणि पायथनवाले शहाणे' असलं काहीतरी बोलतात. स्वभावाचा प्रश्न नाही, घराची बांधणी वेगळी आहे.

जावास्क्रिप्ट १९९५ साली ब्राउझरसाठी जन्मली. तिच्यासोबत आलेली स्टँडर्ड लायब्ररी अगदी तुटपुंजी, आणि जे काही लिहाल ते फोनच्या नेटवरून वाचणाऱ्यापर्यंत पोचवायचं, म्हणून लागेल तेवढाच तुकडा घ्यायची सवय लागली. २००९ मध्ये नोड आलं, २०१० मध्ये त्याची पॅकेजं आणून देणारं एनपीएम. एनपीएमनं एक सोय अशी केली की दोन पॅकेजांना एकाच तिसऱ्या पॅकेजच्या वेगवेगळ्या व्हर्जन हव्या असतील, तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवता येतात. भांडण व्हायची भीतीच संपली. मग कुणीही, काहीही, कितीही बारीक तुकड्यांत वाटायला मोकळा झाला.

पायथनमध्ये एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका पॅकेजची एकच व्हर्जन राहते. दोघांच्या मागण्या जुळल्या नाहीत तर पिप हात वर करतो. त्यामुळे पायथनचा लेखक नवी डिपेंडन्सी (म्हणजे आपला कोड ज्यावर अवलंबून राहील असं दुसऱ्याचं पॅकेज) घेताना दहादा विचार करतो, आणि भाषेसोबत बऱ्याच गोष्टी आधीच आलेल्या असल्यामुळे त्याला गरजही कमी पडते. प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा असं जे पहिल्याच दिवशी शिकवतात, ते या एकाच अडचणीतून आलंय.

गो या भाषेत तर मध्यवर्ती दुकानच नाही. पॅकेजचं नाव म्हणजे त्याच्या रेपॉझिटरीचा, म्हणजे कोड ठेवलेल्या जागेचा, पत्ता. गोच्या तिघा जनकांपैकी एक, रॉब पाइक, यांचं एक वचन त्या लोकांत म्हणीसारखं वापरतात: थोडी डिपेंडन्सी घेण्यापेक्षा थोडं कॉपी केलेलं बरं. गोचा एखादा प्रोजेक्ट उघडलात आणि बाहेरची नावं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी दिसली, तर ती या संस्काराची खूण.

संख्याशास्त्रवाल्यांची आर ही भाषा घ्या. तिचं भांडार क्रॅन. तिथे पॅकेज पाठवलं की माणसं तपासतात. नुसतं तुमचं पॅकेज चालतं का एवढंच बघत नाहीत, तुमच्यावर अवलंबून असलेली दुसऱ्यांची पॅकेजं तुमच्या नव्या व्हर्जनमुळे मोडतात का तेही बघतात. मोडत असतील तर आधी त्या लेखकांना कळवा म्हणतात. दिलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर पॅकेज अडगळीत जातं. पाठवणारे वैतागतात, आणि वैतागावं असंच ते आहे. पण मूळचे प्रोग्रॅमर नसलेल्या प्राध्यापकांनी आणि शेतीशास्त्रज्ञांनी लिहिलेली पॅकेजं एकमेकांसोबत चालतात, त्यामागे हा जाच आहे. पर्ल या भाषेचं भांडार, सीपॅन, १९९५चं. तिथे स्वयंसेवक आपापल्या मशिनवर दुसऱ्यांच्या पॅकेजच्या टेस्ट चालवून निकाल कळवत आले, म्हणून टेस्ट लिहिल्याशिवाय पॅकेज टाकायचं नाही ही रीत त्या गावात लवकर रुजली.

डेबियनचं आणखी निराळं. १९९३ पासून चालत आलेल्या या लिनक्समध्ये पॅकेज बांधणारा आणि मूळ कोड लिहिणारा बहुतेक वेळा वेगळा माणूस असतो. मधला माणूस. आपल्या भाषेत अडत्या म्हणा हवं तर, फक्त कमिशन न घेणारा. तो मूळ लेखकाचा माल पारखतो, डेबियनच्या नियमांत बसवतो, प्रसंगी दुरुस्ती करून मूळ लेखकाकडे परत पाठवतो. या लोकांनी १९९७ साली आपापसात मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं याचे नियम लिहिले, आणि १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' या शब्दाची जी अधिकृत व्याख्या झाली ती त्याच नियमांवर बेतलेली आहे. एका वितरणाच्या घरगुती नियमावलीनं सगळ्या जगाची व्याख्या ठरवली.

मिरजेचा सतारमेकर भोपळा पिकवत नाही. भोपळा पंढरपूरच्या बाजूनं येतो, लाकूड दुसरीकडून, तारा तिसरीकडून. तरी वाद्य मिरजेचं म्हणून ओळखलं जातं, कारण कुठला भोपळा घ्यायचा आणि कुठला परत पाठवायचा हे तिथे ठरतं. पॅकेजच्या गावांतही असा परत पाठवणारा कोण आहे ते शोधा. क्रॅनमध्ये तो दारात उभा आहे. एनपीएममध्ये दार उघडं आहे आणि पारख तुम्हालाच करायची आहे.

पायरी ३: माल परत नेता येतो का, ते विचारा

२२ मार्च २०१६. एका लेखकाचा एका कंपनीशी पॅकेजच्या नावावरून वाद झाला. एनपीएमनं ते नाव कंपनीला दिलं. लेखकानं रागानं आपली अडीचशेहून जास्त पॅकेजं एका झटक्यात काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं एक पॅकेज होतं, मजकुराच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणारं. ते बेबल या जावास्क्रिप्टच्या साधनाच्या डिपेंडन्सीत खोल कुठेतरी बसलेलं होतं, त्यामुळे जगभरच्या प्रोजेक्टचे बिल्ड (कोड जुळवून प्रोग्रॅम तयार करायचं काम) धडाधड पडले. काही तासांत एनपीएमनं ते परत आणलं आणि त्यानंतर नियम बदलले. आता प्रकाशित केल्यापासून ७२ तासांनंतर पॅकेज सहजासहजी मागे घेता येत नाही, विशेषतः त्यावर कुणी अवलंबून असेल तर.

रस्ट या भाषेच्या क्रेट्सच्या, म्हणजे पॅकेजांच्या, भांडारात एखादी व्हर्जन 'यँक' करता येते. म्हणजे नवीन कुणी ती घेत नाही, पण ज्यांच्या लॉकफाइलमध्ये (नेमक्या व्हर्जन टिपून ठेवणाऱ्या फाइलमध्ये) ती आधीच लिहिलेली आहे त्यांची चालू राहते. हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. चूक मान्य करायची सोय आहे आणि शेजाऱ्याचं छप्परही उडत नाही.

नवी भाषा धरताना तिच्या भांडाराचं 'काढून टाकणे' याबद्दलचं पान वाचा. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्या गावात लेखकाचा शब्द वर की वापरणाऱ्याचा, हे तिथे उघड लिहिलेलं असतं.

पायरी ४: आपलं दुखणं कुठल्या मजल्यावरचं, ते ओळखा

आता आमच्याच पट्टीची गोष्ट. २०२४चा हळदीचा हंगाम. छोट्या प्रिंटरच्या कागदावर नावाला जागा कमी, म्हणून आम्ही नाव ठराविक लांबीला कापायचो. दुसऱ्या दिवशी डिग्रजकडचा एक शेतकरी पट्टी नाचवत दुकानात आला: "माउलीचाच पाय मोडला की ओ तुम्ही!" पट्टीवर त्याचं नाव 'ज्ञानेश्' असं छापून आलं होतं, पाय मोडक्या श वर थांबलेलं.

झालं होतं असं. आपल्या डोळ्यांना 'ज्ञानेश्वर'मध्ये चार अक्षरं दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. पायथन मोजतो दहा: ज, पाय मोडायची खूण, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा पाय मोडायची खूण, व, र. आम्ही आठवर कापत होतो. आठवं काय येतं ते वरच्या यादीत मोजून बघा.

चूक आमचीच. मग मजकूर अक्षरांप्रमाणे तोडणारं एक पॅकेज सापडलं, ते लावलं आणि तरीही काही नावं जोडाक्षराच्या मधोमध तुटत राहिली. त्या पॅकेजला 'ज्ञानेश्वर' दिलं तर ते म्हणायचं, सहा. ज्, ञा, ने, श्, व, र. दोन दिवस मी त्या पॅकेजच्या लेखकाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि मग कळलं की तो तर नियमाप्रमाणेच चालला होता. मजकूर कुठे तोडायचा हे युनिकोडचा (सगळ्या लिप्यांची अक्षरं संगणकात कशी ठेवायची याच्या जागतिक मानकाचा) नियम सांगतो, आणि देवनागरीतलं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम युनिकोडमध्ये आला १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये. पॅकेज त्याआधीच्या तक्त्यांवर चालत होतं.

हा मजल्यांचा जिना नीट बघा. सगळ्यात वर युनिकोडची समिती. तिचा नियम भाषेच्या किंवा लायब्ररीच्या कुणीतरी माणसानं कोडमध्ये उतरवायचा. त्यानं रिलीज काढायची. मधल्या पॅकेजवाल्यानं ती स्वीकारायची. मग आम्ही आमच्या लॉकफाइलमध्ये नवी व्हर्जन घ्यायची. आणि मग कुठे मार्केट यार्डातल्या पट्टीवर श्व जोडून येणार. मधला एक माणूस वर्षभर आजारी पडला किंवा नोकरी बदलली, तर माउलीचा पाय वर्षभर मोडलेलाच.

म्हणून काही बिघडलं की आधी विचारा: आपल्या कोडमध्ये, पॅकेजमध्ये, भाषेत की खुद्द नियमात? नव्या माणसाची निम्मी तक्रार चुकीच्या मजल्यावर जाते. 'पिप शो'नं काढलेला तो बाणांचा कागद इथे कामाला येतो.

पायरी ५: घर बघायला जा

एखादं पॅकेज घ्यायचं किंवा त्यात काम करायचं असेल, तर अर्धा तास काढा आणि पुढच्या गोष्टी बघा. तारे शेवटी.

प्रकाशित करायचा अधिकार किती जणांकडे आहे? एकटाच असेल तर वाईट आहे असं नाही, जगातली कितीतरी उत्तम पॅकेजं एकट्या माणसानं सांभाळलीत. पण मग तो एकटा आहे हे डोक्यात ठेवून वागा. २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या पॅकेजच्या थकलेल्या लेखकानं मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे किल्ली दिली, आणि त्या पाहुण्यानं आत बिटकॉइनच्या पाकिटांवर डल्ला मारणारा कोड घुसवला.

बंद झालेले इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या तक्रारी आणि सूचना, वाचा, उघडे नव्हे. उघड्यांची संख्या मोठी असणं हे लोकप्रियतेचंही लक्षण असतं. बंद झालेल्यांत दिसतं की नाही कसं म्हणतात. 'हे आमच्या कामाच्या कक्षेत बसत नाही, पण त्या दुसऱ्या लायब्ररीत बघा' असं लिहिणारं घर चांगलं. चुकीच्या प्रश्नावर दहा जण मिळून हसत असतील तर तिथे मराठी माध्यमातून आलेल्या, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलानं पहिलं पाऊल टाकू नये. नंतर जा, आधी नको.

लायसन्सची फाइल आहे का? नसेल तर कोड दिसतो म्हणून तो ओपन सोर्स होत नाही, हक्क लेखकाकडेच राहतात.

नावाचं स्पेलिंग नीट बघा. एका अक्षरानं वेगळं नाव घेऊन बसलेली खोटी पॅकेजं सगळ्याच उघड्या भांडारांत सापडत आलीत. आणि हल्ली एआयला विचारून कोड लिहिणारी मुलं त्यानं सुचवलेलं पॅकेज डोळे झाकून इन्स्टॉल करतात. ते नाव खरंच अस्तित्वात आहे का, आणि असलं तर कुणी कधी टाकलं, हे भांडारात जाऊन बघितल्याशिवाय एंटर दाबू नका. आमच्याकडे इंटर्नशिपला आलेल्यांना पहिल्या दिवशी मी एवढा एकच नियम सांगतो.

पायरी ६: लॉकफाइल

ही छोटी पायरी. व्हर्जनचे तीन आकडे असतात: पहिला वाढला तर जुनं काही मोडू शकतं, दुसरा वाढला तर नवीन भर पडली, तिसरा वाढला तर दुरुस्ती. पण ही लेखकानं दिलेली जबान आहे, मशिननं दिलेली हमी नाही. म्हणून कुठल्या दिवशी नेमक्या कुठल्या व्हर्जननं प्रोग्रॅम चालला होता, ते लॉकफाइलमध्ये राहू द्या आणि ती फाइल कोडच्या बदलांचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमध्ये ठेवा. हंगामाच्या मध्यावर अपडेट करू नका. आम्ही जूनमध्ये करतो, हळदीचे सौदे ओसरल्यावर.

पायरी ७: उंबरा ओलांडताना

प्रत्येक गावाची दार वाजवायची रीत वेगळी. लिनक्स कर्नलमध्ये आजही बदल ईमेलनं पाठवतात, आणि कुणाला पाठवायचा हे 'मेंटेनर्स' नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. पायथनमध्ये भाषा बदलायची असेल तर पेप नावाचा लेखी प्रस्ताव लागतो. २०१८ मध्ये अशाच एका प्रस्तावावरून एवढी वादावादी झाली की जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी शेवटचा शब्द देण्याचं पद सोडलं, आणि २०१९ पासून निवडून आलेल्या पाच जणांची समिती कारभार बघते. रस्टमध्ये अशाच प्रस्तावाला आरएफसी म्हणतात आणि तिथली चर्चा शेकडो प्रतिक्रियांपर्यंत जाते. तुम्हाला यातलं काही लगेच करायचं नाहीये, पण निर्णय कुठे होतो ते ठाऊक असावं. इतर बहुतेक ठिकाणी 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाची फाइल असते. ती वाचा. पूर्ण वाचा.

आता माझी फजिती सांगतो. त्या अक्षरं तोडणाऱ्या पॅकेजच्या दारात मी पहिला इश्यू काय लिहिला, तर 'मराठी चालत नाही, कृपया दुरुस्त करा'. तीन दिवसांनी उत्तर आलं, चार प्रश्नांचं: काय दिलंत, काय मिळालं, काय मिळायला हवं होतं, कुठली व्हर्जन? यातलं एकही मी लिहिलं नव्हतं. वीस वर्षं या धंद्यात असून. मग पुन्हा लिहिलं: दिलं 'ज्ञानेश्वर', मिळाले सहा तुकडे, हवेत चार, युनिकोडचा अमुक नियम. इंग्रजी मोडकंतोडकंच होतं, कुणी काही म्हटलं नाही. मेंटेनर, म्हणजे पॅकेज सांभाळणारा, म्हणाला, तक्ते जुने आहेत, नवे तयार करायची स्क्रिप्ट रेपॉझिटरीतच आहे, तुम्हीच करता का?

तीन रविवार गेले. तक्ते बदलून भागलं नाही, तुलना करणारा कोडही बदलावा लागला. पाठवलेली पहिली पुल रिक्वेस्ट (माझे बदल आत घ्या अशी विनंती) परत आली, दोन कारणांनी. एक, टेस्ट नव्हती. दोन, माझ्या एडिटरनं सबंध फाइलचं फॉरमॅटिंग बदलून टाकलं होतं, त्यामुळे बदललेल्या चाळीस ओळी शोधायला मेंटेनरला नऊशे ओळी वाचाव्या लागल्या असत्या. राग आला. रात्री भडंग खात बसलो, सकाळी गुपचूप दोन्ही दुरुस्त केलं. दोन महिन्यांनी ती स्वीकारली गेली.

पहिलं काम काय करावं, यावर माझा सल्ला इथूनच निघतो. रीडमीतल्या (प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या फाइलमधल्या) स्पेलिंगच्या चुका शोधत फिरू नका. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये टी-शर्टच्या मोहापायी हॅकटोबरफेस्ट या पुल रिक्वेस्ट पाठवायच्या उपक्रमात निरर्थक पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना महिन्याच्या सुरुवातीलाच नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रोजेक्टनी स्वतःहून होकार दिला तेच त्यात धरायचे असं ठरलं. २०२४ च्या सुरुवातीला एक्स्प्रेसच्या रीडमीत स्वतःचं नाव घालणाऱ्यांची रांग लागली. त्यात आपल्या देशातल्या मुलांची नावं बरीच होती, आणि ते वाचून मला मान खाली घालावीशी वाटली.

तुमच्याकडे असं काही आहे जे बर्लिन किंवा टोकियोतल्या मेंटेनरकडे नाही: आपल्या लिपीतली खरी नावं. टेस्टमध्ये घालायला ती सोन्यासारखी आहेत. 'कऱ्हाड' घ्या. त्यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसऱ्यात साधा र, पायमोड आणि त्यानंतर जोडणारी एक अदृश्य खूण वापरून. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, मशिनला पूर्ण वेगळे, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) चालवूनही ते एक होत नाहीत. तुमच्या आवडत्या शोध लायब्ररीत एका पद्धतीनं 'कऱ्हाड' साठवा आणि दुसऱ्या पद्धतीनं शोधा. सापडलं नाही, तर अभिनंदन, तुमचा पहिला इश्यू तयार आहे. काय दिलं, काय मिळालं, काय हवं, कुठली व्हर्जन.

एकट्यानं जमत नसेल तर सोबत शोधा. वालचंद कॉलेजात विद्यार्थ्यांनीच चालवलेला वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप आहे. सांगलीत राहून टर्मिनलला हात लावायचं धाडस कितीतरी पोरांना तिथे मिळालं.

पायरी ८: मेंटेनरला घाई करू नका

याला शिष्टाचार म्हणून नका बघू, सुरक्षा म्हणून बघा. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं पॅकेज जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. ते सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला होता. २०२१ पासून 'जिया टॅन' या नावानं कुणीतरी मदत करू लागलं, चांगली मदत. त्याच सुमारास दुसऱ्या काही नावांनी तगादा सुरू झाला: काम फार हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला अधिकार द्या. अधिकार मिळाले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनमधून चोरदरवाजा बाहेर पडला. २९ मार्चला अँड्रेस फ्रॉइंड या, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या माणसानं तो उघडकीला आणला, तोही एसएसएचनं (दुसऱ्या मशिनवर दुरून जायच्या सोयीनं) लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे त्याला खटकलं म्हणून.

त्या तगाद्यातल्या ओळी वाचल्या तर अंगावर काटा येतो, कारण त्या इतर हजारो इश्यूंमध्ये रोज लिहिल्या जाणाऱ्या ओळींसारख्याच आहेत. 'काही अपडेट?' 'हे कधी होणार?' तुम्ही प्रामाणिकपणे लिहिता, पण समोरच्याला ओळखू येत नाही की तुम्ही कोण. दोन आठवडे थांबा. मग एकदा विचारा, आणि विचारताना 'मी आणखी एका मशिनवर तपासलं, निकाल हा' असं काहीतरी हातात घेऊन जा.

पायरी ९: स्वतःचं पॅकेज

हे शेवटी, आणि बहुतेकांनी पहिल्या वर्षी करूच नये. पायथनच्या पॅकेजांच्या भांडारात, पायपीआयवर, खातं उघडणं सोपं आहे (२०२४ पासून तिथे दोन टप्प्यांचं लॉगिन सगळ्यांना सक्तीचं आहे, ते बरंच झालं). अवघड आहे ते तिसऱ्या वर्षी, नोकरी, लग्न आणि घराचा हप्ता सांभाळून कुणा अनोळखी माणसाच्या इश्यूला उत्तर देणं. त्यामुळे आधी शोधा: तुमचं काम आधीच्या एखाद्या पॅकेजमध्ये भर घालून होतंय का?

आमच्याकडे रक्कम अक्षरी लिहिणारा कोड आहे. पट्टीवर लागतोच. मराठीत एक ते शंभर हे आकडे कुठल्याच एका नियमात बसत नाहीत, म्हणून शंभर शब्दांची यादीच करावी लागते. ती यादी गणपती पेठेतल्या एका जुन्या दिवाणजींनी तपासून दिली. अठ्ठ्याऐंशीच्या स्पेलिंगवरून आमचं तासभर वाजलं आणि शेवटी त्यांच्या वहीत होतं तेच ठेवलं. कोड चांगला आहे, टेस्ट आहेत, लायसन्स एमआयटी (मोकळेपणानं वापरू देणारं) ठरलंय. अपलोड मात्र केलेलं नाही. दिवाणजी कमिट करत नाहीत (गिटमध्ये बदल नोंदवत नाहीत) आणि मी एकटा किल्ली ठेवून घेणार नाही. दुसरा मेंटेनर मिळाला की टाकू. विश्रामबागेत या, लॅपटॉप आणा, आणि येण्याआधी पायरी १ चा कागद काढून आणा.